गालातली मोरी छताजवळ

सोयाबीन काढणीच्या दिवसांत हिंगोली जिल्ह्यात कोणत्याही रस्त्यानं जा, शेताशेतात मळणीयंत्र धडधडत असतं. सुडी उपसून यंत्राच्या तोंडात माल लोटणारा गडी डोक्याला रुमाल घट्ट बांधतो, नाक मात्र उघडंच. तासाभरात पापण्यांवर भुसकट बसतं, नाक शिंकरलं की काळं येतं. पुढं उन्हाळ्याच्या तोंडाशी वसमत भागात शिजवून वाळवलेली हळद पॉलिशच्या ढोलात फिरू लागते, तेव्हा पिवळी धूळ उडते. हळद औषधी म्हणून तिची धूळ नाकाला मानवते, असं काही नाही.

अशा धुळीनंतर कुणाचं कपाळ जड होतं, कुणाला वाकलं की गालात ठणका बसतो. चेहऱ्याच्या हाडांत हवेच्या पोकळ्यांच्या, म्हणजे सायनसच्या, चार जोड्या आहेत : कपाळात, गालांत, डोळ्यांच्या मधे आणि त्यामागं खोलवर. सगळ्यांत मोठी गालातली, आणि तिचीच रचना सगळ्यांत गैरसोयीची. न्हाणीघराची मोरी जमिनीलगत न काढता छताजवळ काढावी, तसं तिचं तोंड वरच्या बाजूला आहे. रुंदी जेमतेम काही मिलिमीटर. आतला चिकट द्रव अस्तरावरचे सूक्ष्म केस सतत हलून वर ढकलतात. धूळ, विडीचा धूर किंवा सर्दीचा विषाणू यांनी हे केस मंदावतात, अस्तर सुजतं, तोंड बंद होतं. आत अडकलेल्या द्रवात जंतूंना मोकळं रान मिळतं. नाकाचा वाकडा पडदा, नाकातले मोड किंवा जुनी ॲलर्जी असेल तर ही वाट वारंवार तुंबते. वरच्या दाढांची मुळं या पोकळीच्या तळाला भिडलेली असतात. त्यामुळं एकाच नाकपुडीतून घाण वासाचा पू येत असेल, तर दातही तपासून घ्यावेत.

आपल्याकडं मेडिकलवर जाऊन 'सर्दीची गोळी द्या' म्हटलं, की बरेचदा अँटिबायोटिकही हातात पडतं. बहुतेक वेळा त्याची गरज नसते, कारण सुरुवात विषाणूनं झालेली असते आणि विषाणूवर ते चालत नाही. दहा दिवसांनंतरही उतार नसेल, बरं वाटून पुन्हा उलटलं असेल किंवा जोराचा ताप आणि चेहऱ्यात तीव्र वेदना तीन-चार दिवस टिकली असेल, तर जीवाणूंचा संशय घ्यायचा. तेव्हा डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध पूर्ण घ्यायचं. नाक झटक्यात मोकळं करणारे थेंबही चार-पाच दिवसांपुरतेच. पुढं तेच नाक चोंदवतात आणि माणूस बाटलीच्या आहारी जातो.

खरा आराम वाट मोकळी करण्यात आहे. मिठाच्या पाण्यानं नाक धुणं, म्हणजे आपली जलनेती, हा स्वस्त आणि कामाचा उपाय. पाव लिटर पाण्याला चहाचा अर्धा चमचा मीठ पुरे. पाणी मात्र उकळून कोमट केलेलंच हवं. बोअरचं, विहिरीचं किंवा नळाचं कच्चं पाणी नाकात घालू नका. अशा पाण्यातला अमिबा क्वचित नाकावाटे मेंदूत शिरतो आणि तो आजार बहुधा जीव घेतो. वाफेनं तात्पुरतं बरं वाटतं, पण उकळत्या भगोल्यावर लेकरांना वाकवू नका. भाजल्याच्या घटना घडतात. ॲलर्जी असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं नाकातला स्टिरॉइड स्प्रे नियमित वापरावा. तो दोन दिवसांत सोडून 'गुण नाही' म्हणण्यात अर्थ नाही.

मळणीला किंवा पॉलिशला उभं राहताना नाक-तोंड झाकणारा घट्ट मास्क लावा, नसेल तर निदान रुमाल नाकावरून बांधा, आणि घरी आल्यावर नाक धुवा.

मधुमेह असणाऱ्यांनी जास्त जपावं. २०२१ मध्ये कोरोनाच्या लाटेत महाराष्ट्रानं पाहिलेली, मधुमेहींना जास्त गाठणारी काळी बुरशी बहुतेकांच्या नाकातून आणि सायनसमधूनच पसरली होती. डोळ्याभोवती सूज आली, दोन-दोन दिसू लागलं, गाल बधिर झाला किंवा नाकातून काळसर स्राव आला, तर मळणी अर्धी टाकून त्याच दिवशी दवाखाना गाठा.