अश्वकेंद्रित आरोग्यपर्यटन : संकल्पना आणि पैठणचा संदर्भ

पर्यटन म्हणजे केवळ स्थळदर्शन ही कल्पना मागे पडून विश्रांती व आरोग्य यांना पर्यटनात महत्त्व प्राप्त झाले आहे. अश्वशाळेला लागून उभारलेली आलिशान निवासस्थाने हा त्याचाच एक प्रकार होय. तेथे पाहुणा रपेट करतो, घोड्याला खरारा करतो, त्याच्यासोबत पायी चालतो आणि मग मालिश वा उष्णजलस्नान घेतो.

महाराष्ट्रात या कल्पनेच्या जवळ जाणारे उदाहरण नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याचे आहे. तापीकाठी दत्तजयंतीला भरणाऱ्या तेथील यात्रेत मारवाडी, काठियावाडी, पंजाबी घोड्यांचा मोठा बाजार भरतो. गेल्या दशकात या यात्रेला चेतक महोत्सवाची जोड मिळाली व पर्यटकांसाठी सुखसोयींनी युक्त तंबूनगरी उभी राहिली. मात्र तेथे घोडा हा मुख्यतः खरेदी-विक्रीचा व प्रदर्शनाचा विषय राहिला.

घोड्याचा आरोग्याशी संबंध नेमका कोणता, हे येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे. घोडा संथ चालीने चालत असता त्याच्या पाठीची हालचाल स्वाराच्या कटिभागास मिळते आणि ती माणसाच्या चालण्यासारखीच असते. त्यामुळे तोल व स्नायूंचे नियंत्रण सुधारण्यासाठी, विशेषतः मेंदूच्या पक्षाघाताने बाधित मुलांसाठी, प्रशिक्षित उपचारकाच्या देखरेखीखाली तिचा उपयोग केला जातो. पोलिओग्रस्त डॅनिश अश्वारोहक लिझ हार्टेल यांनी 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळविल्यानंतर या पद्धतीकडे युरोपचे लक्ष वेधले गेले. निरोगी पाहुण्याला तासभराच्या रपेटीतून मिळतो तो निवांतपणा. त्याला उपचार म्हणणे ही जाहिरातीची भाषा झाली.

पैठणला घोडा नवा नाही. सातवाहनांच्या या राजधानीशी निगडित असलेल्या नाणेघाटातील शिलालेखात अश्वमेधाचा व अश्वदानाचा उल्लेख आढळतो. 1976 साली पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणाचा नाथसागर, पक्षी अभयारण्य, संत ज्ञानेश्वर उद्यान आणि नाथषष्ठीची वारी एवढे सारे असूनही बहुतेक प्रवासी सायंकाळपर्यंत परततात. मुक्काम वाढावा यासाठी अश्वशाळेची कल्पना मोहक वाटते खरी. परंतु एका घोड्याला दिवसाला सुमारे 30 ते 40 लिटर पाणी लागते, उन्हाळ्यात त्याहून अधिक. आणि मराठवाड्यातील वैशाखात दुपारची रपेट प्राण्यास घातकच ठरेल. स्वार व खोगीर यांचे वजन घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक नसावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. म्हणजे 300 किलोच्या तट्टावर 60 किलो. पुष्कळसे प्रौढ पाहुणे या हिशेबात बसत नाहीत! शिवाय ग्लँडर्ससारखा माणसालाही होणारा रोग लक्षात घेता रक्ततपासणी अपरिहार्य ठरते.

अशा उपक्रमात कोणता घोडा आणावयाचा, हाही प्रश्न उरतोच. भीमा खोऱ्यातील भीमथडी तट्टाला अलीकडे स्वतंत्र जात म्हणून नोंदणी मिळाली आहे. ही तट्टे आजही मेंढपाळ धनगरांचे बिऱ्हाड पाठीवर वाहतात. त्यांचे खूर, चारा, दुखणीखुपणी धनगर कुटुंबांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत. मात्र पर्यटनाच्या आराखड्यात त्यांची जागा आढळलीच, तर ती मोतद्दाराची असते.