घरी फोन नसलेले मूल आणि वर्गातला फोन



मी जालन्यात डी.एल.एड.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते आहे. पात्रता परीक्षा पार पडली की एखाद्या वस्तीवरच्या शाळेत शिकवायची माझी इच्छा आहे. आपल्यापैकी अनेक जण विचारतात, भिल्ल वस्तीतल्या किंवा ऊसतोड कामगारांच्या मुलांना मोबाईल आणि टॅब द्यावेत का? माझ्या मते द्यावेत. पण ते कसे वापरायचे हे ठरवताना ज्या मुलाच्या घरी फोन नाही ते मूल आधी डोळ्यांसमोर ठेवावे.

आपल्या जिल्ह्यात याचे कारण समजायला वेळ लागत नाही. दिवाळी झाली की मंठा, परतूर, घनसावंगी भागातली कितीतरी कुटुंबे टोळीबरोबर ऊसतोडीला जातात. घरात एकच फोन असला तर तो आईवडिलांबरोबर फडावर जातो. मूल आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहते, नाहीतर तेही कोपीवर जाते. अशा वर्गात गृहपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला, तर आधीच मागे पडलेले मूल आणखी मागे पडते. म्हणून माझा पहिला नियम असा: फोन लागेल असा अभ्यास शाळेच्या वेळेत आणि शाळेच्याच साधनावर. घरी न्यायचा अभ्यास वहीत. जे मूल गावाबाहेर जाईल, त्याच्या शिक्षण हमी कार्डाबरोबर मी त्याचा झालेला आणि राहिलेला अभ्यास कागदावर लिहून देईन.

एका साधनात पूर्ण वर्ग

प्रत्येक मुलाला टॅब मिळेपर्यंत थांबायची गरज नाही. बालभारतीच्या पुस्तकांत धड्याजवळ क्यूआर कोड असतो. केंद्र सरकारने २०१७ मध्ये सुरू केलेल्या दीक्षा अ‍ॅपने तो स्कॅन केला की त्या पाठाचे साहित्य उघडते. ते आधी उतरवून ठेवले, तर वस्तीवर रेंज नसतानाही चालते. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडच्या कामासाठीच ओळखले जातात. त्यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि बक्षिसाची अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांबरोबर वाटून घेतली.

वर्गात मी हे असे वापरेन. मुलांना पाच-पाचच्या गटात बसवायचे. चित्रफीत पाच मिनिटांची, ती मध्येच थांबवून विचारायचे, "आता पुढे काय होईल?" नंतर फोन बाजूला ठेवायचा आणि तीच गोष्ट बिया, खडे, माती घेऊन हाताने करून पाहायची. बी कसे रुजते हे पडद्यावर दहा सेकंदांत दिसते. ओल्या फडक्यात बांधलेली मटकी उगवायला दिवस लागतो. मुलाने दोन्ही पाहावे.

मुलाची माहिती ही त्याची ठेव

दुसरा नियम फोटोंचा. गणवेशातले मूल, मागे शाळेचे नाव, खाली मुलाचे नाव आणि वस्ती, असा एक फोटो सगळीकडे फिरला की ते मूल कुठे सापडेल हे अनोळखी माणसालाही कळते. तो परत गोळा करता येत नाही. त्याहून धोक्याच्या याद्या असतात: शिष्यवृत्तीसाठी जमवलेले आधार क्रमांक, बँक खाती, जातीचे दाखले. अशी यादी गटावर टाकायची नाही, हे मी आजच ठरवले आहे.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे आणि त्याची माहिती वापरण्याआधी पालकांची संमती घेण्याचे तत्त्व घालून दिले आहे. आपल्याकडे अनेक पालकांना लिहितावाचता येत नाही. नुसता अंगठा घेतला म्हणजे संमती मिळाली असे होत नाही. फोटो कुठे छापणार आणि कोण पाहणार, हे त्यांच्या बोलीत सांगायला हवे. "नको" म्हटले तर मुलाला काही कमी मिळणार नाही, हेही सांगायला हवे.

मोठ्या मुलांना आणि पालकांना दोन क्रमांक पाठ असावेत: ऑनलाइन पैशांची फसवणूक झाल्यास १९३०, आणि मूल अडचणीत असल्यास १०९८.

यंत्राचे उत्तर तपासून घ्यावे

आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आली आहेत. सरावाचे प्रश्न काढायला मी ती वापरेन, पण त्यांत कोणत्याही मुलाचे नाव टाकणार नाही. ही साधने चुकीचे उत्तरही ठामपणे देतात, म्हणून पुस्तकाशी ताडून पाहिल्याशिवाय काही फळ्यावर लिहिणार नाही. केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाने २०२५ मध्ये आदि वाणी हे भाषांतराचे साधन आणले. त्यात भिली आणि गोंडीही आहेत, ही आनंदाची गोष्ट. मात्र त्यातली सुरुवातीची भिली मध्य प्रदेशातली आहे. बोली दर काही कोसांवर बदलते. आपल्याकडच्या ज्या घरांत भिली बोलतात, तिथले शब्द वेगळे असू शकतात. तिथे खरा जाणकार म्हणजे मुलाची आजी. तिची परवानगी घेऊन तिचे शब्द आणि गोष्टी मुलांनीच फोनवर ध्वनिमुद्रित कराव्यात आणि वर्गात ऐकवाव्यात. फोनचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाही.

आपण काय करू शकता

जुना फोन किंवा टॅब शाळेला देणार असाल, तर आधी सिमकार्ड काढा, आपल्या खात्यांतून बाहेर पडा आणि सगळी माहिती पुसून टाका. चार्जर सोबत द्या. तो नसला तर फोन कपाटात पडून राहतो. मोठ्या आवाजाचा एक स्पीकर आणि एक मेमरी कार्ड एवढ्यावरही पूर्ण वर्ग ऐकू शकतो. आणि शाळेला भेट द्याल तेव्हा मुलांचे फोटो काढण्याआधी शिक्षकांना विचारा. त्यांनी "थांबा, आधी पालकांना विचारू" असे म्हटले, तर राग मानू नका. त्या शाळेत मुलांची काळजी घेतली जाते, असे समजा.