अडगळीतून उमटलेला चेहरा

२ ऑक्टोबर ही तारीख आपल्याला गांधीजयंतीमुळे पाठ असते. मुंबई दूरदर्शन केंद्राचा जन्मही त्याच तारखेचा, १९७२ सालचा. पण त्याच्या बरोबर ४७ वर्षे आधी, २ ऑक्टोबर १९२५ रोजी, लंडनमध्ये फ्रिथ स्ट्रीटवरील एका माळ्यावर जॉन लोगी बेअर्ड या स्कॉटिश माणसाला आपल्या यंत्राच्या पडद्यावर एका बाहुल्याचा चेहरा छायाप्रकाशासह दिसला. तोवर नुसत्या आकृत्यांच्या कडा दिसत. बेअर्ड धावतच खाली गेला आणि विल्यम टेंटन या ऑफिसबॉयला वर घेऊन आला. प्रखर दिव्यांच्या धगीने तो बिचारा मागे सरकला. अखेर अर्धा क्राऊन हातावर ठेवल्यावर जागेवर थांबला. दूरचित्रवाणीवर दिसलेला हा पहिला माणूस. पहिले मानधनही त्याचेच!

बेअर्ड तेव्हा ३७ वर्षांचा होता. प्रकृती तोळामासा. मोजे विकून झाले, त्रिनिदादला जाऊन जॅम करून झाला, साबणाचा धंदाही झाला. १९२३ साली हेस्टिंग्ज गावी त्याने यंत्र जोडायला घेतले ते चहाचे खोके, हॅटचा डबा, रफूच्या सुया, सायकलच्या दिव्याची भिंगे आणि लाख यांतून.

मूळ कल्पना जर्मनीच्या पॉल निपकोची, १८८४ सालची. तबकडीवर गोगलगाईच्या शंखासारखी वळत जाणारी भोके पाडायची. तबकडी फिरली की प्रत्येक भोक चित्राची एकेक रेघ टिपते. त्या उजेडाची वीज होते आणि पलीकडे तशाच तबकडीमागचा दिवा त्या विजेप्रमाणे कमीजास्त उजळतो. २६ जानेवारी १९२६ रोजी बेअर्डने रॉयल इन्स्टिट्यूशनच्या सभासदांना हे दाखवले. चित्र अवघ्या ३० रेघांचे. पण चेहरा हलत होता, ओळखू येत होता.

मात्र त्या तबकडीतच मर्यादा होती. रेघा वाढवायच्या तर भोके बारीक करावी लागत, आणि उजेड कमी पडे. इलेक्ट्रॉनच्या झोताला ही अडचण नव्हती. नोव्हेंबर १९३६ पासून बीबीसीने दोन्ही पद्धती आलटूनपालटून चालवल्या. बेअर्डच्या २४० रेघा, मार्कोनी-ईएमआयच्या ४०५. फेब्रुवारी १९३७ मध्ये बेअर्डची पद्धत बंद झाली.

म्हणजे हा माणूस हरला का? त्याची तबकडी हरली, हे खरे. पण हे होऊ शकते, हे लोकांना डोळ्यांनी दाखवायला कुणीतरी आधी लागतो. पुढे चांगला रस्ता सापडला की पायवाट मोडते. ती तुडवणाऱ्याचे श्रम त्यामुळे खोटे ठरत नाहीत. पराभवानंतरही तो रंगीत चित्रांच्या खटपटीत गुंतलाच.

युद्धात बंद पडलेली बीबीसीची दूरचित्रवाणी ७ जून १९४६ रोजी पुन्हा सुरू झाली. नंतर आठवड्याभरात, १४ जूनला, बेअर्ड गेला. वय ५७. घरोघरी पडदे उजळायचे होते, ते पाहायला तो उरला नाही.