आडव्या वाऱ्यात छोटं विमान उतरवणं इतकं अवघड का?

विमान खेकड्यासारखं तिरकं येतंय आणि शेवटच्या क्षणी सरळ होऊन टेकतंय, असे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. पायलटचा ताबा सुटलेला नसतो. तो आडव्या वाऱ्याशी, म्हणजेच क्रॉसविंडशी झुंजत असतो.

आडवा वारा म्हणजे काय?
कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाची धावपट्टी '०७/२५' आहे. म्हणजे विमान ७० किंवा २५० अंशांच्या दिशेनं उतरतं. समजा, २५० च्या दिशेनं उतरताना २८० अंशांकडून ताशी ४० किलोमीटरचा वारा आला. यातला निम्मा, म्हणजे २० किलोमीटरचा जोर विमानाला बाजूला ढकलतो. पंचगंगेत होडी पलीकडे नेताना नावाडी तिचं तोंड प्रवाहाकडे वळवतो. पायलटही तेच करतो.

मग छोट्या विमानालाच त्रास का?
ताशी २५० किलोमीटरनं उतरणाऱ्या जेटला यासाठी सुमारे ५ अंश तिरकं व्हावं लागतं. ९० च्या वेगानं येणाऱ्या छोट्या विमानाला सुमारे १३ अंश. शिवाय वजन कमी, त्यामुळे वाऱ्याचा झोत पंख सहज उचलतो.

घरी बांधलेल्या विमानांचं वेगळं काय?
मुंबईत कांदिवलीच्या गच्चीवर अमोल यादव यांनी विमान बांधलं. २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली. कारखान्यातलं विमान किती आडव्या वाऱ्यात उतरवून पाहिलं, हे त्याच्या पुस्तिकेत असतं. घरी बांधलेल्या विमानाची मर्यादा मात्र चाचण्या घेत हळूहळू शोधावी लागते.

अशा अनेक विमानांचं तिसरं चाक शेपटीखाली असतं. त्यात वजनाचा मध्य मुख्य चाकांच्या मागे येतो. टेकताना विमान तिरकं राहिलं, तर हे वजन शेपूट आणखी बाहेर फेकतं आणि विमान जागीच गिरकी घेतं. याला 'ग्राउंड लूप' म्हणतात. त्यात पंख जमिनीला घासतो, चाकं मोडतात.

वाचायचं कसं?
वाऱ्याकडचा पंख किंचित खाली, रडरनं नाक धावपट्टीच्या रेषेत. चाकं टेकली तरी विमान थांबेपर्यंत हे सोडायचं नाही. रडर पूर्ण दाबूनही नाक सरळ होत नसेल, तर वारा विमानाच्या आवाक्याबाहेर आहे. अशा वेळी न टेकता पुन्हा वर जायचं, म्हणजे 'गो-अराउंड' करायचं, किंवा वाऱ्याच्या दिशेतली दुसरी धावपट्टी गाठायची. त्यासाठी टाकीत जादा इंधन हवंच.