शिफ्ट सांभाळून पीएच.डी.

नोकरी न सोडता पीएच.डी. करता येते का, हा प्रश्न आळंदी-चाकण पट्ट्यात मुख्यतः दोन तऱ्हेची माणसं विचारतात. एक म्हणजे कारखान्यांत डिझाईन, क्वालिटी असल्या विभागांत काम करणारे एम.ई., एम.टेक. झालेले लोक. दुसरे इथल्या शाळा-कॉलेजांत शिकवणारे. त्यांतले काही कीर्तनही करतात आणि त्यांना संतवाङ्मयावर प्रबंध लिहायचा असतो. उत्तर 'होय, करता येते' असंच आहे. पण कशी, हे बहुतेकांना गाईड मिळाल्यावर, कधी कधी दोन वर्षं हातची गेल्यावर कळतं.

सगळ्याचा पाया आहे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, म्हणजे यूजीसीचे, ७ नोव्हेंबर २०२२चे पीएच.डी. विनियम. त्याआधीचे २०१६चे विनियम त्यामुळे गेले आणि एम.फिल.ही बंद झालं. आळंदी ज्याच्या कक्षेत येते ते सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आपली नियमावली याच चौकटीत आखतं. आयोगाची अट ही किमान अट असते. तिच्या खाली विद्यापीठाला जाता येत नाही. तारखा, शुल्क, अर्जाचे नमुने मात्र त्या त्या वर्षीच्या परिपत्रकात पाहायचे, मागच्या वर्षी प्रवेश घेतलेल्या मित्राच्या आठवणीत नव्हे.

आता समजा, मरकळ रस्त्याला राहणारी, चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीत नोकरी करणारी, एम.टेक. झालेली एक मुलगी आहे. तिच्या मागोमाग जाऊ.

पात्रता साधी आहे: पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल गटांना ५ टक्क्यांची सूट. नवीन गोष्ट अशी की चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील तर एम.ए., एम.टेक. न करताही थेट अर्ज करता येतो. आळंदीच्या बाबतीत इथे एक खोच आहे. जोग महाराजांनी १९१७ साली स्थापन केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत चार वर्षं काढलेल्या, ज्ञानेश्वरी ओवीनिशी सांगणाऱ्या माणसाचा अभ्यास कितीही खोल असला, तरी विद्यापीठाच्या खिडकीवर मोजली जाते ती मान्यताप्राप्त पदवी. ती नसेल तर आधी बी.ए., मग एम.ए. मला हे थोडं खटकतं, पण नियम तसा आहे आणि तो ठाऊक असलेले तरुण कीर्तनकार संस्थेत शिकतानाच बाहेरून पदवीचा अर्ज भरून ठेवतात.

प्रवेशाचे दोन रस्ते. विद्यापीठाची स्वतःची प्रवेश परीक्षा, जिला सगळे 'पेट' म्हणतात. तिच्यात निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर, निम्मे विषयावर. ५० टक्के मिळाले की मुलाखतीला बोलावणं येऊ शकतं, आणि निवड होते ती परीक्षेचे ७० आणि मुलाखतीचे ३० टक्के धरून. दुसरा रस्ता नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा. २०२४पासून नेटच्या गुणांवरही पीएच.डी.ला प्रवेश घेता येतो, पण जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, न मिळालेल्यांसाठी ते गुण एकच वर्ष चालतात. सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या पूर्ण वेळ संशोधन करणाऱ्यांसाठी आहेत. पगार घेणाऱ्याने तो हिशेब मनात धरू नये.

गाईड शोधताना लोक माणसाचं नाव बघतात, जागा बघत नाहीत. प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चारच संशोधक असू शकतात. तेव्हा 'सर, विषय आवडला का?' याच्या आधी 'सर, जागा आहे का?' हे विचारावं. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी राहिलेल्या शिक्षकाला नवा विद्यार्थी घेताच येत नाही. आधीपासून नोंदणी असलेल्यांना तो निवृत्तीपर्यंत मार्गदर्शन करू शकतो, पुढे सहमार्गदर्शक म्हणून, तेही वयाच्या सत्तरीपर्यंतच. शिवाय ज्या कॉलेजात गाईड आहेत ते आपल्या विषयाचं विद्यापीठमान्य संशोधन केंद्र आहे ना, हेही पाहायचं. मेकॅनिकलचं केंद्र असलेल्या कॉलेजात मॅनेजमेंटचं असेलच असं नाही. केंद्र जवळ असेल तर दर वेळी विद्यापीठात, गणेशखिंडीला, जावं लागत नाही, आणि सेकंड शिफ्ट करणाऱ्याला याची किंमत वेगळी सांगायला नको.

आता एनओसी. नोकरदाराच्या वाटेत खरा अडथळा बहुधा हाच, म्हणून इथे थोडं थांबू. अर्धवेळ पीएच.डी.ला २०२२चे विनियम स्पष्ट परवानगी देतात, पण नोकरीच्या ठिकाणचं ना हरकत प्रमाणपत्र मागतात. त्यात तीन गोष्टी स्वच्छ लिहिलेल्या हव्यात: उमेदवाराला अर्धवेळ शिक्षणाची परवानगी आहे; त्याच्या कामातून संशोधनाला पुरेसा वेळ मिळतो; आणि गरज पडली तर कोर्सवर्क पूर्ण करण्यासाठी त्याला कामातून मोकळं केलं जाईल. एचआरकडून येणारं पत्र सहसा पहिल्या गोष्टीवर थांबतं. 'कंपनीची हरकत नाही, मात्र कामावर परिणाम होता कामा नये' एवढं एक वाक्य आणि खाली शिक्का. या पत्राचा विद्यापीठात उपयोग होत नाही, कारण तिसरा मुद्दा कंपनीकडून काहीतरी मागतो आणि पत्र नेमकं तेच देत नाही. ज्ञानेश्वरादी भावंडांनाही आळंदीकरांनी पैठणचं शुद्धिपत्र आणायला पिटाळलं होतं अशी कथा आहे. कागदावाचून अडण्याची परंपरा या गावाला जुनी आहे. मसुदा आपणच तिन्ही मुद्द्यांसह टाईप करून न्यावा. एचआरला नवं काही लिहायला लावण्यापेक्षा आणलेल्यावर सही घेणं सोपं जातं.

एक गोष्ट एनओसीत येत नाही, आणि ती पुढे सर्वांत महाग पडते: माहितीची परवानगी. आपली मुलगी समजा मशीनिंग लाईनवरच्या रिजेक्शनवर संशोधन करते. कुठल्या शिफ्टमध्ये, कुठल्या मशीनवर किती पार्ट नापास झाले, हा तिचा सगळा कच्चा माल कंपनीचा आहे. प्रबंध मात्र शेवटी शोधगंगा या देशभरच्या संग्रहात जाणार आणि कोणालाही वाचता येणार. कंपनीचं नाव, गिऱ्हाइकाचं नाव, पार्टचं ड्रॉइंग यांतलं काय छापता येईल, आकडे जसेच्या तसे द्यायचे की टक्केवारीत, हे पहिल्याच वर्षी लेखी ठरवून घ्यावं. परवानगी देणारा मॅनेजर पाच वर्षांनी त्याच खुर्चीत असेल याची या पट्ट्यात कोण हमी देणार? तोंडी 'घे गं डेटा' त्याच्याबरोबरच जातं.

प्रवेश झाला की कोर्सवर्क. किमान १२ क्रेडिट. त्यात संशोधन आणि प्रकाशनातल्या नैतिकतेचा विषय सक्तीचा. ५५ टक्के मिळवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. समितीने शिफारस केली तर मान्यताप्राप्त ऑनलाईन कोर्सचे क्रेडिटही धरले जातात.

ही समिती म्हणजे संशोधन सल्लागार समिती, बोलीभाषेत आरएसी. विषय ती पक्का करते आणि दर सत्रात संशोधकाने तिच्यासमोर उभं राहून काय काम झालं ते सांगायचं असतं. वर्षातून दोनदा, म्हणजे तेवढी रजा आधीच धरून ठेवायची. काम असमाधानकारक वाटलं तर समितीने कारणं नोंदवून सुधारणा सुचवायला हव्यात. त्याही झाल्या नाहीत तर कारणांसह नोंदणी रद्द करण्याची शिफारस ती करू शकते. हा नियम दुधारी आहे. वर्षभर न फिरकणाऱ्याला तो पकडतो, तसा 'तुमचं काही खरं नाही' एवढंच म्हणून वाटेला लावणाऱ्यालाही पकडतो. कारणं कागदावर मागता येतात.

मग घड्याळ. प्रवेशाच्या तारखेपासून कोर्सवर्क धरून किमान तीन वर्षं, कमाल सहा. त्यानंतर पुनर्नोंदणी करून आणखी दोन, म्हणजे आठ. स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना आणखी दोन वर्षांची सवलत मिळू शकते. मिळून दहाच्या पुढे नाही. आपल्या मुलीचा प्रवेश १ जुलै २०२५चा धरला तर ३० जून २०२८च्या आत प्रबंध देता येणार नाही. पहिली मुदत जून २०३१ला संपते, पुनर्नोंदणीने जून २०३३, सवलतीने जून २०३५. लोक फसतात ते मधल्या सांध्यावर. सहा वर्षं संपल्यावर मुदत आपोआप वाढत नाही, अर्ज करून नोंदणी पुन्हा घ्यावी लागते.

मातृत्व आणि बालसंगोपनासाठी संपूर्ण पीएच.डी.च्या काळात मिळून २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. ही विद्यापीठाकडची रजा. कारखान्याकडून कायद्याने मिळणारी २६ आठवड्यांची प्रसूती रजा निराळी, तिचा अर्ज निराळा. एचआरला कळवलं म्हणजे विद्यापीठाला कळलं असं होत नाही. आणि लग्नामुळे किंवा अन्य कारणाने गाव बदललं तर स्त्री संशोधकाला आपलं संशोधन दुसऱ्या विद्यापीठात नेता येतं. अट एवढीच की ते एखाद्या संस्थेने निधी दिलेल्या प्रकल्पाचा भाग नसावं आणि मूळच्या गाईडला, संस्थेला त्यांचं श्रेय द्यावं. सासर दुसऱ्या विद्यापीठाच्या कक्षेत निघालं म्हणून तीन वर्षांच्या कामावर पाणी सोडणाऱ्या मुलींपर्यंत हे कलम अजून पोचलेलं नाही.

घरबसल्या पीएच.डी.च्या जाहिराती फोनवर येतात. दूरस्थ किंवा ऑनलाईन पद्धतीच्या पीएच.डी.ला हे विनियम मुळीच परवानगी देत नाहीत. अर्धवेळ म्हणजे ऑनलाईन नव्हे. रस्त्यावरच्या फ्लेक्सांवर नावाआधी झळकणारे काही 'डॉ.' हारतुऱ्यांच्या समारंभातून आलेले असतात, त्यांचा इथे संबंध नाही.

प्रबंध तयार झाला की आधी आरएसीसमोर सादरीकरण, ज्याला इतर शिक्षक आणि संशोधकही बसू शकतात. मग साम्य तपासणी. यूजीसीच्या २०१८च्या नियमांनुसार साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० ते ४० असेल तर जास्तीत जास्त सहा महिन्यांत सुधारून द्यायचं, ४० ते ६०ला वर्षभर प्रबंध देण्यास बंदी, ६०च्या वर नोंदणीच रद्द. श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, प्रमाणित सूत्रं आणि कायदे या साम्यात धरत नाहीत. आकडा फुगतो तो बहुतेकदा पूर्वसंशोधनाच्या प्रकरणात, कारण तिथे प्रत्येक लेखाचा सारांश त्या लेखाच्याच गोषवाऱ्यातून उचललेला असतो. वाचताना स्वतःच्या शब्दांत, मराठीतसुद्धा, टिपण काढून मग इंग्रजीत लिहिलं तर हा त्रास निम्म्याने कमी होतो. शोधनिबंध छापून आल्याशिवाय प्रबंध देता येणार नाही, ही जुनी सक्ती २०२२च्या विनियमांत राहिलेली नाही. विद्यापीठाने वेगळी अट ठेवली आहे का, तेवढं परिपत्रकात पाहावं.

प्रबंध गाईडशिवाय किमान दोन बाहेरच्या परीक्षकांकडे जातो. दोघांपैकी एकाचा अहवाल प्रतिकूल आला तर प्रबंध पर्यायी परीक्षकाकडे पाठवतात. त्याचा अनुकूल आला तर व्हायवा, नाही तर प्रबंध नामंजूर. प्रबंध दिल्यापासून व्हायवासकट सगळी प्रक्रिया सहा महिन्यांत उरकावी असं विनियम सांगतात, म्हणून प्रबंध जमा केल्याच्या तारखेची पोच जपून ठेवावी. व्हायवा ऑनलाईनही होऊ शकते.

पदवीदानाआधी विद्यापीठ तात्पुरतं प्रमाणपत्र देतं. पदवी आयोगाच्या विनियमांनुसार दिली आहे, असं त्यावर लिहिलेलं असायला हवं. कॉलेजातल्या भरतीच्या छाननीत हेच वाक्य शोधतात. म्हणून कागद हातात पडताच, खिडकीवरून हलण्याआधी, ते वाक्य, विषयाचं नाव आणि आपल्या नावाचं स्पेलिंग तपासून घ्यावं.