रॉबिन्सनच्या शेजारी क्रॉफर्ड, उसिक कुठे बसतात?

बॉक्सिंगच्या सार्वकालिक क्रमवारीत शुगर रे रॉबिन्सनला बहुतेक जाणकार पहिले स्थान देतात. 1940 ते 1965 या काळात त्याने सुमारे 200 व्यावसायिक लढती दिल्या. 5 फेब्रुवारी 1943 रोजी जेक लामोटाने त्याला पहिल्यांदा हरवले. त्याच महिन्याच्या 19 तारखेला तो दुसऱ्याशी लढून जिंकला आणि 26 तारखेला त्याने लामोटालाच नमवले. आजचे अव्वल बॉक्सर वर्षाकाठी जेमतेम दोन-तीनदा रिंगमध्ये उतरतात. त्यामुळे फ्लॉइड मेवेदरचा 50-0 हा अपराजित आकडा कितीही देखणा असला, तरी तेवढ्यावर तो रॉबिन्सनच्या वर जात नाही.

विजेतेपदांची मोजदादही फसवी आहे. हेन्री आर्मस्ट्राँगने 1938 मध्ये तीन वजनगटांची जगज्जेतेपदे एकाच वेळी राखली, तेव्हा मुख्य गट आठच होते. आता ते सतरा-अठरा आहेत आणि प्रत्येक गटात चार प्रमुख संघटनांचे चार पट्टे! म्हणून चारही पट्टे एकत्र करणाऱ्यालाच खरे वजन द्यावे लागते. टेरेन्स क्रॉफर्डने 2025 मध्ये कानेलो अल्वारेझला हरवून हे तिसऱ्या वजनगटात साधले. ओलेक्सांद्र उसिकने क्रूझरवेटनंतर हेवीवेटमध्येही, स्वतःहून बऱ्याच धिप्पाड टायसन फ्युरीला नमवून, तेच केले. नाओया इनोउएने दोन गटांत केले. हे तिघे जुन्या दिग्गजांच्या पंक्तीत नक्की बसतात. मात्र पहिल्या पाचांत नाही.