एक फुफ्फुस बंद ठेवून भूल: भीती आणि वस्तुस्थिती

छातीच्या ऑपरेशनआधी ‘एक फुफ्फुस काही वेळ बंद ठेवावं लागेल’ हे ऐकताच नातेवाइकांच्या पोटात गोळा येतो. फुफ्फुस अर्धं तर ऑक्सिजनही अर्धाच, असा हिशेब मनात होतो. शरीर मात्र या हिशेबाने चालत नाही. हवा न मिळणाऱ्या फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या आपोआप आकसतात आणि बरंचसं रक्त चालू फुफ्फुसाकडे वळतं. फॉन ऑयलर आणि लिलयेस्ट्रांड या शास्त्रज्ञांनी १९४६ मध्ये मांजरांवरच्या प्रयोगांतून हे दाखवलं. त्यातच रुग्ण कुशीवर असल्याने गुरुत्वाकर्षणानेही रक्त खालच्या, चालू फुफ्फुसात जास्त उतरतं. तरीही ऑक्सिजन कमी होऊ शकतो, म्हणून भूलतज्ज्ञ शेवटपर्यंत तिथेच असतात. इंजेक्शन दिलं की त्यांचं काम संपतं, हा समज साफ चुकीचा.

खरी कसोटी दोन्ही फुफ्फुसांना वेगवेगळी हवा देणारी नळी श्वासमार्गात बसवण्यात आहे. ही नळी दुहेरी असते: एक वाट मुख्य श्वासनळीत उघडते, दुसरी एका बाजूच्या फाट्यात. नळी बहुधा डाव्या फाट्यातच घालतात, अनेकदा उजव्या फुफ्फुसाच्या ऑपरेशनलाही डावा आणि डाव्याच्या ऑपरेशनलाही डावाच. कारण डावा फाटा सुमारे ५ सेंटिमीटर लांब असतो. उजवा जेमतेम २, आणि लगेच वरच्या खंडाची शाखा फुटते; नळीचा फुगा तिच्या तोंडावर बसला तर तो खंड हवेविना राहतो. स्टेथोस्कोपने आवाज ऐकला की झालं, असंही नाही. दुर्बिणीने जागा पाहावी लागते आणि रुग्णाला कुशीवर वळवल्यावर पुन्हा पाहावी लागते, कारण वळवताना नळी सरकते.

हे सगळं केवळ सर्जनला मोकळी जागा मिळावी म्हणून, असं अनेकांना वाटतं. पण एका फुफ्फुसात पू किंवा रक्तस्राव असेल, तर तो चांगल्या फुफ्फुसात उतरू न देणं जीव वाचवणारं ठरतं.

बंद ठेवलेलं फुफ्फुस कायमचं निकामी होत नाही. काढायचा भाग काढल्यावर उरलेलं फुफ्फुस टेबलावरच पुन्हा फुगवतात.

आणखी एक घातक समज: ऑपरेशन जवळ आल्यावर अचानक बिडी-सिगारेट सोडू नये. ती आजच सोडा. रक्तातला कार्बन मोनॉक्साइड एक-दोन दिवसांत उतरतो. हलणारे दात, आखडलेली मान, गुटख्यामुळे कमी उघडणारं तोंड यांतलं काहीही भूलतज्ज्ञापासून लपवू नका. नळी कोणती आणि कशी घालायची, हे त्यावरच ठरतं.